कुंडीतील पिंपळ : पाणी आणि पोषण यांचा एक पाठ

आमच्या विद्यालयाच्या जुन्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या पायाशी आणि कठड्याच्या भेगांत दर पावसाळ्यात पिंपळाची रोपे उगवतात. पक्षी पिंपळाची फळे खातात, त्यांच्या विष्ठेतून बी भेगेत पडते आणि चिमूटभर धुळीवर व चार सरींच्या ओलाव्यावर रोप मूळ धरते. मूळ जाड होत गेले की भेग रुंदावते, भिंतीत पाणी मुरते आणि इमारतीला धोका निर्माण होतो. त्यामुळे दुरुस्तीच्या वेळी ही रोपे काढणे भाग पडते. मात्र ज्या वृक्षाखाली तथागतांना संबोधी प्राप्त झाली, त्याच जातीचे रोप उपटून उकिरड्यावर टाकताना आमच्यापैकी कोणाचाही हात सहज पुढे होत नसे. भिक्खूंच्या विनयातही वनस्पतीला इजा न करण्याचा नियम आहे. इमारत वाचवायची आणि रोपही वाचवायचे, या पेचातून काही वर्षांपूर्वी मार्ग निघाला तो कुंडीचा. भेगेतून अलगद सोडवलेली सात रोपे आम्ही उथळ कुंड्यांत लावली आणि त्यांतूनच विद्यालयात बोन्सायचा उपक्रम सुरू झाला.

त्या सातांपैकी आज तीन रोपे हयात आहेत. उरलेली चार का गेली, याचा शोध घेताना आम्ही जे शिकलो, ते या लेखात मांडत आहोत. बोन्साय म्हटले की लोकांना वळवलेल्या फांद्या आणि तारा आठवतात, परंतु आमचा अनुभव असा की झाड जगते वा मरते ते पाणी आणि खत या दोन गोष्टींवर. म्हणून या लेखाची व्याप्ती आम्ही तेवढीच ठेवली आहे.

बोन्साय : अर्थ आणि परंपरा

‘बोन्साय’ हा जपानी शब्द आहे. ‘बोन’ म्हणजे उथळ पात्र आणि ‘साय’ म्हणजे लागवड. ही कला मूळची चीनची. तेथे तिला ‘पेंजिंग’ म्हणतात. इ. स. ७०६ च्या सुमारास बांधलेल्या तांग राजवंशातील राजपुत्र ली श्यान याच्या समाधीतील भित्तिचित्रांत, पात्रातील लहान झाडे हाती घेतलेले सेवक दिसतात. पुढे चीन आणि जपान यांच्यात बौद्ध भिक्खूंची जी ये-जा होती, तिच्याबरोबर ग्रंथ, मूर्ती आणि चहा यांप्रमाणे ही कलाही जपानमध्ये पोहोचली. इ. स. १३०९ मधील एका प्रसिद्ध जपानी चित्रपटात पात्रातील छोटी झाडे रेखाटलेली आहेत. १९२३ च्या भीषण भूकंपानंतर तोकियोतील अनेक बोन्साय-कारागीर ओमिया येथे स्थायिक झाले व तेथे १९२५ मध्ये बोन्सायचे स्वतंत्र गावच वसले.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांला सर्वाधिक विचार करायला लावणारे झाड हिरोशिमाचे आहे. यामाकी कुटुंबाने जोपासलेला हा पाइन इ. स. १६२५ पासून कुंडीत असल्याचे मानले जाते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे तीन किलोमीटरवर असलेले हे झाड एका भिंतीच्या आडोशामुळे वाचले. १९७६ मध्ये ते अमेरिकेला भेट देण्यात आले आणि आज ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे. ज्या देशाने बॉम्ब टाकला त्याच देशाला दिलेली ही भेट होती. परंतु झाडाने अणुबॉम्ब सोसला, ही हकीकत तेथे सर्वज्ञात झाली ती २००१ मध्ये, यामाकींचे नातू झाड पाहायला गेल्यानंतर. सुमारे चारशे वर्षांच्या या आयुष्यात झाडाला कोणी ना कोणी नियमित पाणी घातले आहे. त्या हातांची नावे इतिहासात नाहीत, पण ते हात थांबले असते तर भिंतीचा आडोसाही उपयोगी पडला नसता.

आपल्या धम्म-इतिहासातही पात्रातील झाडाचे एक ठळक उदाहरण आहे. सम्राट अशोकांची कन्या संघमित्रा थेरी यांनी बोधिवृक्षाची शाखा सिंहलद्वीपात नेली, ती सुवर्णपात्रात लावून, असे ‘महावंस’ सांगतो. शाखेबरोबर निरनिराळ्या कुळांतील माणसे सेवेसाठी पाठवली होती आणि सोन्याचे आठ व चांदीचे आठ कलशही दिले होते, अशी नोंद त्याच परंपरेत आढळते. त्यात राजकुळातील माणसांबरोबर गोपालक, विणकर आणि कुंभारही होते. काव्यात्म अतिशयोक्ती वजा केली तरी त्यामागील दृष्टी व्यावहारिक आहे. पात्रातील शाखा लांबच्या प्रवासाला निघाली तर तिच्यासोबत पाणी आणि पाणी घालणारी माणसे पाठवावीच लागतात. ती शाखा अनुराधपूर येथे रुजली. बोधगया येथील जुना वृक्ष १८७६ मध्ये वादळात कोसळला आणि १८८१ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी तेथे नवे रोप लावले. अनुराधपूरची परंपरा मात्र अखंड राहिली. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील बोधिवृक्ष भदन्त आनंद कौसल्यायन यांनी तेथूनच आणलेल्या रोपापासून वाढला आहे, आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नाशिकच्या त्रिरश्मी लेणीच्या पायथ्याशीही अनुराधपूरच्या बोधिवृक्षाची शाखा लावण्यात आली.

अशोकांच्या दुसऱ्या शिलालेखातही असाच एक सूचक तपशील आहे. मार्गांवर विहिरी खोदविल्या आणि झाडे लावविली, असे ते दोन्ही गोष्टी एका दमात सांगतात. झाड लावण्याचा आदेश द्यावा आणि पाण्याची व्यवस्था इतरांवर सोडावी, असे त्यांनी केले नाही. आजच्या वृक्षारोपण कार्यक्रमांनी एवढा एक तपशील जरी घेतला तरी पुष्कळ रोपे वाचतील.

उपासमार आणि छाटणी यांतील भेद

बोन्सायविषयी एक मोठा गैरसमज आहे. झाडाला उपाशी आणि तहानलेले ठेवल्यामुळे ते लहान राहते, असे पुष्कळांना वाटते. हे खरे नाही. बोन्साय लहान राहते ते शेंडे, फांद्या आणि मुळे यांच्या नियमित छाटणीमुळे व पात्राच्या मर्यादेमुळे. छाटणी सोसण्यासाठी झाडात भरपूर साठा आणि जोम असावा लागतो, म्हणून चांगल्या बोन्सायला जमिनीवरील झाडापेक्षा अधिक काटेकोर पोषण द्यावे लागते. उपाशी झाड बोन्साय होत नाही, ते केवळ आजारी झाड असते.

हा भेद आमच्यासारख्या शिक्षकांना महत्त्वाचा वाटतो. बांगलादेशचे नोबेल पारितोषिक विजेते मुहम्मद युनूस यांनी २००६ च्या आपल्या नोबेल व्याख्यानात गरीब माणसांची तुलना बोन्सायशी केली होती. बियाण्यात काही दोष नसतो, समाजाने त्याला पुरेशी माती दिलेली नसते, असा त्यांचा आशय होता. सातपुड्याच्या पाड्यांवरून आलेली मुले दररोज समोर पाहणाऱ्या आम्हांला हा आशय समजावून सांगावा लागत नाही. म्हणूनच कुंडीतील झाडाची निगा हा आम्ही केवळ छंद मानलेला नाही. माती कमी असेल तर सांभाळणाऱ्याची जबाबदारी किती वाढते, हे त्यातून शिकता येते.

माती : पाण्याची पहिली अट

पाणी किती घालावे हा प्रश्न मातीपासून सुरू होतो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. कुंडीत पाणी ओतले की ते खाली सरकते, तळाच्या छिद्रातून बाहेर पडते आणि त्याच्यामागे मातीच्या पोकळ्यांत ताजी हवा ओढली जाते. ज्या मातीतून पाणी वाहत नाही, त्या मातीत मुळे गुदमरतात आणि कुजतात.

आमच्या पहिल्या सातांपैकी दोन रोपे याच कारणाने गेली. तापी-गोमाईच्या काठची काळी कसदार जमीन कापसाला आणि उसाला उत्तम, म्हणून आम्ही तीच माती कुंड्यांत भरली. परंतु काळी माती भिजली की फुगते, सुकली की आक्रसते. पावसाळ्यात तिचा चिखल झाला, उन्हाळ्यात ती कुंडीच्या कडेपासून सुटली आणि घातलेले पाणी त्या फटीतून सरळ निघून गेले. वरून कुंडी भिजलेली दिसे, आत मुळे कोरडी राहत.

आता आम्ही पुढील मिश्रण वापरतो : दोन भाग विटांचे बारीक तुकडे (ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे), एक भाग चाळलेला मुरूम किंवा जाड वाळू, आणि एक भाग जुने, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत. विटांचे तुकडे चाळून त्यांतील पूड काढून टाकणे आवश्यक आहे, कारण तीच पुढे तळाशी बसून छिद्रे बुजवते. छिद्रांवर प्लॅस्टिकच्या जाळीचा तुकडा ठेवावा. कुंडी जमिनीवर टेकवू नये. दोन विटांवर उचलून ठेवली म्हणजे पाणी निघते आणि तापलेल्या फरशीची धगही लागत नाही.

पाणी : केव्हा, किती आणि कसे

जपानी कारागिरांत अशी समजूत आहे की पाणी घालायला शिकण्यासच तीन वर्षे लागतात. प्रारंभी आम्हांला ही अतिशयोक्ती वाटली. आता वाटत नाही.

पहिला नियम असा की घड्याळ पाहून पाणी घालू नये, माती पाहून घालावे. ‘रोज सकाळी एक तांब्या’ हा नियम सोपा असला तरी तो झाडाला लागू पडत नाही. उष्ण वाऱ्याच्या दिवशी तो अपुरा पडतो आणि ढगाळ दिवशी जास्त होतो. मातीचा वरचा सुमारे एक सेंटिमीटरचा थर कोरडा झाला की पाण्याची वेळ झाली. बोटाने अंदाज येत नसेल तर उदबत्तीची जळलेली काडी धुऊन, सुकवून कुंडीच्या कडेजवळ मातीत खोचून ठेवावी. दहा मिनिटांनी काढून पाहिली असता काडी ओलसर व गडद दिसली तर थांबावे, कोरडी दिसली तर पाणी द्यावे. आमची पाचवीची मुलेदेखील ही परीक्षा बिनचूक करतात.

दुसरा नियम असा की पाणी द्यायचे तर पोटभर द्यावे. वरचेवर शिंपडलेल्या पाण्याने वरची माती भिजते आणि खालची मुळे कोरडी राहतात. बारीक छिद्रांच्या झारीने हळूहळू पाणी घालावे, तळातून पाणी वाहू लागले की थांबावे, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा एकदा तसेच घालावे. पहिल्या खेपेने कोरडी माती पाणी शोषण्यास तयार होते, दुसऱ्या खेपेने ती खऱ्या अर्थाने भिजते. बादलीतून धो-धो पाणी ओतल्यास माती वाहून जाते आणि मुळे उघडी पडतात.

तिसरा नियम वेळेचा आहे. उन्हाळ्यात पहाटे किंवा सकाळी लवकर एकदा आणि ऊन उतरल्यावर एकदा, असे दोनदा पाहावे. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा दिवशी उथळ कुंडीतील माती सकाळी भिजवली तरी दुपारपर्यंत कोरडी पडू शकते. एक सूचना विशेष लक्षात ठेवावी. उन्हात पडलेल्या नळीतले आणि गच्चीवरील टाकीतले दुपारचे पाणी हाताला चटका बसेल इतके तापलेले असते. नळीतले पहिले पाणी बाहेर सोडून, ते गार लागल्यावरच झाडाला द्यावे.

झाड कोमेजले म्हणजे तहानलेलेच आहे, असे समजू नये. मुळे कुजली तरीही ती पाणी शोषू शकत नाहीत आणि पाने तशीच मान टाकतात. अशा वेळी आणखी पाणी घालणे म्हणजे बुडणाऱ्याला पाणी पाजणे होय. म्हणून आधी काडीची परीक्षा करावी. माती ओली असूनही झाड कोमेजले असेल, पाने पिवळी पडून गळत असतील आणि मातीला आंबूस वास येत असेल, तर पाणी थांबवावे, कुंडी सावलीत किंचित कलती ठेवावी आणि गरज पडल्यास मुळे तपासून काळी, मऊ पडलेली मुळे कापून काढावीत. उलट माती कोरडीठाक होऊन पाणी वरच्या वर ओघळत असेल, तर पूर्ण कुंडी टबात कडेपर्यंत बुडवावी. बुडबुडे येणे थांबले की बाहेर काढून निथळू द्यावी.

पाण्याच्या प्रतीचाही विचार करावा लागतो. कूपनलिकेच्या जड पाण्यामुळे कुंडीच्या कडेला आणि खोडाच्या बुंध्याशी पांढरा थर बसतो. हे क्षार साठत गेले की मुळांना पाणी घेणे कठीण होते. महिन्यातून एकदा नेहमीच्या तिप्पट पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढावेत. पावसाचे पाणी सर्वांत चांगले. पन्हाळीखाली एक पिंप ठेवले तर पावसाळ्यातील उघडिपीच्या दिवसांची सोय होते.

खत : थोडे, पातळ आणि वेळेवर

जमिनीवरचे झाड अन्नाच्या शोधात मुळे दूरवर पसरवते. कुंडीतील झाडाला तशी मुभा नसते आणि प्रत्येक पाण्यासोबत काही अन्नद्रव्ये तळातून वाहून जातात. त्यामुळे बाहेरून खत देणे अनिवार्य ठरते. नत्राने पाने व फांद्या वाढतात, स्फुरदाने मुळे बळकट होतात आणि पालाशाने एकूण काटकपणा वाढतो. याशिवाय लोह, मॅग्नेशियम इत्यादी द्रव्ये अल्प प्रमाणात लागतात.

आमच्या तिसऱ्या रोपाचा मृत्यू खताच्या अभावाने झाला नाही, तो प्रेमाने झाला. शेतकरी कुटुंबातील एका विद्यार्थ्याने सुट्टीवरून येताना घरून मूठभर युरिया आणला आणि आपले रोप सर्वांत मोठे व्हावे म्हणून तो कुंडीत टाकला. चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या, आठवड्याभरात पाने गळाली. युरियात ४६ टक्के नत्र असते. एकरभर शेतात विखुरण्याची वस्तू वीतभर कुंडीत पडली. मातीतील पाण्यात क्षार फार झाले की मुळांनी बाहेरून पाणी घेण्याऐवजी मुळांतलेच पाणी बाहेर ओढले जाते आणि ओल्या मातीत झाड तहानेने मरते. त्या मुलाला आम्ही रागावलो नाही. खताची मात्रा आम्ही शिकवली नव्हती, तेव्हा चूक आमची होती. असे घडल्यास लगेच वरचे खत काढून कुंडीतून भरपूर पाणी वाहू द्यावे. वेळीच केले तर झाड वाचते.

बोन्सायसाठी सेंद्रिय, हळूहळू विरघळणारी खते सुरक्षित असतात. फूटभर लांबीच्या कुंडीला महिन्यातून एकदा एक चमचा निंबोळी पेंड मातीच्या कडेने पेरावी, बुंध्याला चिकटू देऊ नये. मुळांसाठी वर्षातून दोनदा चिमूट-दोन चिमूट हाडांचे चूर्ण घालता येते. अधिक जोम हवा असल्यास शेंगदाण्याची पेंड पाण्यात भिजवून पातळ खत करता येते. शंभर ग्रॅम पेंड एक लिटर पाण्यात आठ-दहा दिवस झाकून ठेवावी, गाळावी आणि त्यात किमान दहापट पाणी मिसळून फिक्या चहासारखा रंग आल्यावर पंधरा दिवसांतून एकदा द्यावी. वास येतो, म्हणून हे काम वसतिगृहाच्या खिडक्यांपासून दूर करावे, हा अनुभवाचा बोल आहे. बाजारातील रासायनिक विद्राव्य खत वापरायचे असेल तर पाकिटावरील मात्रेच्या निम्म्याहून अधिक कधीही घेऊ नये.

खत देताना चार पथ्ये पाळावीत. कोरड्या मातीत खत देऊ नये, आधी पाणी द्यावे. आजारी झाडाला खत देऊ नये, कारण खत हे अन्न आहे, औषध नव्हे. कडक उन्हाळ्यात व झाड विश्रांतीत असताना खत थांबवावे. आणि कुंडी बदलून मुळे छाटल्यानंतर किमान चार आठवडे खत देऊ नये. या शेवटच्या पथ्याविषयी बोलताना आमच्या मनात हमखास एक विचार येतो. सरदार सरोवरामुळे अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली आणि तेथील पुष्कळ कुटुंबे तळोदा-शहादा भागात येऊन राहिली. त्या वसाहतींतील मुले शाळेत दाखल होतात तेव्हा त्यांच्यावर पहिल्याच आठवड्यात अभ्यासाचा मारा करण्यात अर्थ नसतो. ज्याची मुळे नुकतीच हलली आहेत, त्याला आधी सावली आणि पाणी लागते. खत नंतर.

पानांची भाषाही वाचायला शिकावे. जुनी पाने सरसकट फिकी पिवळी पडू लागली तर नत्राची कमतरता संभवते. नवी पाने पिवळी, पण शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडत आहे, असे समजावे. जड पाण्याच्या भागात हे वारंवार दिसते. क्षार धुऊन काढावेत आणि कृषी सेवा केंद्रात मिळणारे चिलेटेड लोह लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम या प्रमाणात मिसळून फवारावे.

आपल्या जिल्ह्याचे ऋतुमान

फाल्गुन-चैत्रात पिंपळ जुनी पाने टाकतो आणि तांबूस पालवी फुटते. पानगळ झाली म्हणजे झाड वाळले, असे समजून नवशिके पाण्याचा मारा करतात. पाने नसताना झाडाचा पाण्याचा खर्च अत्यल्प असतो, हे ध्यानात ठेवावे. पालवी फुटण्याच्या बेतात असताना कुंडी बदलणे योग्य. पिंपळ-वडासारखी झपाट्याने वाढणारी झाडे दर एक-दोन वर्षांनी कुंडीतून काढून साधारण एक तृतीयांश मुळे छाटावी लागतात. ती संधी हुकली तर पावसाळ्याच्या आरंभी हे काम करावे.

वैशाख-ज्येष्ठात हिरव्या शेडनेटची सावली द्यावी आणि मातीवर नारळाच्या काथ्याचा पातळ थर पसरावा. पावसाळ्यात नवापूर, अक्कलकुवा, धडगाव या भागांत पाऊस अधिक, नंदुरबार-शहादा पट्ट्यात कमी. झडीच्या दिवसांत कुंड्यांची छिद्रे मोकळी आहेत का, ते रोज पाहावे. पावसाने अन्नद्रव्ये धुपतात, म्हणून या काळात खताची मात्रा लहान ठेवून खेपा वाढवाव्यात. पाऊस पडला म्हणजे झाडाला पाणी मिळाले, असेही गृहीत धरू नये. दाट पानांच्या छत्रीमुळे हलकी सर कुंडीबाहेरच पडते. ऑक्टोबरची उष्णता पुन्हा सकाळ-संध्याकाळची पाहणी मागते. हिवाळ्यात पाणी दोन-तीन दिवसांआड पुरते. तोरणमाळ, डाब यांसारख्या उंचावरील गावांत थंडी अधिक असल्याने रात्री कुंड्या भिंतीच्या आडोशाला घ्याव्यात.

सुट्टी आणि पाळी

चौथे रोप कसे गेले ते सांगणे आम्हांला सर्वांत जड जाते. पहिल्या वर्षीच्या उन्हाळी सुट्टीत मुले घरी गेली. शिक्षकांना वाटले, कर्मचारी पाणी घालतील. कर्मचाऱ्यांना वाटले, शिक्षक कोणालातरी सांगून गेले असतील. कोणीही हयगय केली नाही आणि कोणीही पाणी घातले नाही. आठव्या दिवशी आम्ही काही कामासाठी विद्यालयात गेलो तेव्हा कुंड्या दगडासारख्या झाल्या होत्या. भेगेत जन्मलेल्या पिंपळाची मुळे जाड व साठा करणारी असल्यामुळे टबात बुडवल्यावर तीन रोपे पुन्हा फुटली. एक फुटले नाही.

त्या दिवशी आम्हांला बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनातील शाळेची आठवण झाली. वर्गातील इतर मुले तहान लागली की नळावर जाऊन पाणी पीत. बालक भीमरावाला नळाला हात लावता येत नसे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे आणि शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलेच राहावे लागे. स्वतःच्या हाताने पाणी घेण्याची मुभा नसणे म्हणजे काय, हे ज्याने सोसले, त्याने २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि त्या तळ्यावरील हक्काचा न्यायालयीन निकाल मुंबई उच्च न्यायालयातून मार्च १९३७ मध्ये लागेपर्यंत दहा वर्षे लढा दिला.

माणसाला माणसावर असे अवलंबून ठेवणे हा अन्याय होता व तो मोडणे हेच धर्मयुद्ध होते. कुंडीतील झाडाची गोष्ट वेगळी. ते सत्याग्रह करू शकत नाही. त्याला कुंडीत आपण ठेवले, म्हणून त्याचे पाणी हे आपल्या दयेचा भाग राहत नाही. ते आपल्यावरील ऋण ठरते. ‘कोणीतरी घालील’ या वाक्याने झाड मरते, हे आमच्या विद्यालयाने किंमत देऊन शिकले.

तेव्हापासून फलकावर पाळीचा तक्ता लागतो. प्रत्येक दिवसासमोर दोन नावे असतात, एक विद्यार्थ्याचे आणि एक मोठ्या माणसाचे. पाणी घातले की वेळ लिहायची, न घातले तर ‘माती ओली’ असे कारण लिहायचे. मुख्याध्यापकांपासून स्वयंपाकघरातील ताईंपर्यंत सर्वांची नावे त्यात येतात. उन्हाळी सुट्टीत कुंड्या कडुनिंबाच्या सावलीत कडेपर्यंत जमिनीत गाडून त्यांच्याभोवती पालापाचोळा पसरतो आणि जवळ राहणाऱ्या कर्मचाऱ्याकडे लेखी जबाबदारी सोपवतो. दोन-तीन दिवसांच्या सुट्टीत बादलीतून कुंडीत सुती वात सोडली तरी ओलावा टिकतो. तरीही वातीला माणसाचा पर्याय मानू नये.

समारोप

उरलेल्या तिघांपैकी एका पिंपळाचे खोड आता मनगटाएवढे झाले आहे. दोन वर्षांपूर्वी शिक्षकांच्या बैठकीत प्रश्न आला की या तिघांना कायम कुंडीतच ठेवायचे का? मतभेद झाले. काहींच्या मते ती विद्यालयाची शोभा होती, काहींना बोधिवृक्ष कुंडीत असणे खटकत होते. अखेर मुलांनीच तोड सुचवली. दोन कुंडीत ठेवावीत, म्हणजे येणाऱ्या प्रत्येक तुकडीला पाणी घालण्याचा पाठ मिळेल, आणि एकाला जमीन द्यावी.

आषाढी पौर्णिमेला, धम्मचक्र प्रवर्तनाच्या आणि वर्षावासाच्या आरंभाच्या दिवशी, इमारतीपासून दूर, मैदानाच्या कडेला ते रोप लावले. कुंडीत वाढलेल्या झाडाची मुळे गोल फिरून स्वतःभोवतीच गुंडाळलेली असतात. तशीच जमिनीत लावली तर माती मोकळी असूनही ती फार काळ गोलच फिरत राहतात. म्हणून ती हाताने सोडवून, बाहेरच्या दिशेला पसरवून मगच खड्डा भरावा लागतो. पहिली दोन वर्षे त्यालाही पाणी द्यावेच लागते. या पावसाळ्यात त्या पिंपळाने मुख्याध्यापकांची उंची ओलांडली.

या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेक जण या विद्यालयाचे माजी विद्यार्थी आहेत. वसतिगृहाच्या मर्यादेतून बाहेर पडून ते आज निरनिराळ्या क्षेत्रांत उभे आहेत. त्यांनी पुन्हा येथे यावे, मैदानाच्या कडेचा पिंपळ पाहावा आणि जाताना फलकावरील तक्त्यात एका दिवसासमोर आपले नाव लिहावे. त्या दिवशी पाणी घालायचे की नाही, हे मात्र काडी पाहून ठरवावे.

जय भीम ! नमो बुद्धाय !